कापलेला दुसरा अंक

लग्न होऊन मी खालापूरला आले तेव्हा मला वाटलं होतं, कचेरीत नोकरी करणारा माणूस संध्याकाळी सहाला घरी येत असेल. हे आठच्या आत येत नसत. पहिला महिना मी काही विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात विचारलं, तेव्हा म्हणाले, "तालीम असते."

गावातले कारकून, तलाठी, दोन मास्तर, पोस्टातला एक जण अशी पंधरा-अठरा माणसं मिळून वर्षाला एक नाटक बसवायची. हे त्यांतले मुख्य नट. आवाज चांगला, पाठांतर पक्कं, उंचीही होती. आम्ही दोघंही बौद्ध घरांतले. माझ्या वडिलांनी कडावजवळच्या आमच्या वस्तीत घरचे देव टोपलीत घालून नदीत सोडले तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. त्यानंतर त्यांनी मला शाळेत घातलं आणि शिकू दिलं, म्हणून मी मास्तरीण झाले आणि लोधिवलीच्या शाळेवर लागले. ह्यांच्या घरचीही तीच गोष्ट. मॅट्रिक झालेला, कचेरीत खुर्चीवर बसणारा जावई मिळाला याचं वडिलांना फार अप्रूप होतं. गावात कुणी भेटलं की आधी जावयाची चौकशी होईल असं बघायचे.

स्टेजवर हे कधी इनामदार असत, कधी डॉक्टर, कधी प्रोफेसर. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी बाजारात लोक त्यांना त्याच नावाने हाक मारत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाहिलेलं आहे. ह्या माणसाला लहानपणी गावच्या पाणवठ्यावर लांब उभं केलेलं होतं. ते नाटकाच्या मागे इतके का लागले होते, हे मला तेव्हाही समजत होतं आणि आजही समजतं. त्यांच्यावर मी पुढे जो काही राग धरला, तो हे विसरून धरलेला नाही.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा मंडळाने मुंबईत गाजत असलेलं एक नाटक निवडलं. तीन अंकी, एकाच खोलीत घडणारं. एक वकील आणि त्याची बायको, लग्नाला बारा वर्षं झालेली. वकील तिला मारत नाही, दारू पीत नाही, त्याची बाहेर कुणी बाई नाही. त्याने बारा वर्षांत तिला कधी काही विचारलेलं नाही, एवढंच. पहिल्या अंकात घरी पाहुणे येतात आणि सगळं छान चाललेलं दिसतं. दुसऱ्या अंकात ती बोलते. सलग दीड पान बोलते. तिसऱ्या अंकात तो तिची माफी मागतो. ती उत्तर देत नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते आणि पडदा पडतो.

बायकोच्या कामासाठी पनवेलची एक बाई ठरवली होती. ती शेवटच्या तीन-चार तालमींनाच येणार होती. तोवर ह्यांना समोर कुणीतरी हवं होतं. एके दिवशी त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एवढं वाचून दाखव. मला माझी वाक्यं पकडता येतील."

मी स्टोव्हवर भात ठेवला, पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि वाचायला लागले.

"अगं, शाळेत कविता म्हणतेस तसं नको," हे म्हणाले. "तुला माझा राग आलाय. तसं बोल."

"तुमचा राग मला अजून आलेला नाही," मी म्हटलं. "कसा येतो ते ठाऊक नाही."

ते हसले. मग मला शिकवायला बसले. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, वाक्याचा शेवट खाली कसा सोडायचा. भात करपला. त्या दिवसापासून ते तालमीहून लवकर घरी यायला लागले. मी शाळेतून येऊन पाणी भरून ठेवायची, भाजी चिरायला घ्यायची आणि आमचं सुरू व्हायचं. ते माझ्याशी इतकं बोलले ते त्या दोन महिन्यांत. बोलणं वकिलाचं होतं, पण माझ्याकडे बघून होतं. तिसऱ्या अंकात ते माफी मागायचे तेव्हा त्यांचा आवाज खरंच बारीक व्हायचा, आणि मला हातातली पळी खाली ठेवावी लागायची.

आमच्या भिंतीला भिंत लागून एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं. नवऱ्याचं हायवेवर टायरचं दुकान होतं. मूळची श्रीवर्धनकडची माणसं. बाईंना सगळे चाची म्हणत. एक दिवस चाची दाराशी येऊन उभ्या राहिल्या, हे घरात नाहीत असं बघून. मला म्हणाल्या, "बाय, रोज ऐकतंय मी. माणूस तुझा चांगला हाय. इतकं बोलू नको त्याला. काय झालाय ते मला सांग."

मी पुस्तक आणून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. नंतर रोज त्या वेळेला आपलं काम घेऊन भिंतीपलीकडे बसायच्या, आणि सकाळी मला सांगायच्या की काल तू जास्त बरी बोललीस.

प्रयोग कर्जतला होता, स्पर्धेचा. शनिवारी संध्याकाळी सहाला पडदा. बुधवारी पनवेलहून निरोप आला की बाईंना कावीळ झाली आहे. मंडळाची माणसं आमच्या घरी येऊन बसली. सगळे माझ्याकडे बघत होते. ह्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "तुझं सगळं पाठ आहे. ह्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही."

मी म्हटलं, "माझ्या वडिलांना आवडणार नाही."

"त्यांना मी सांगेन," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मला भीती वाटत होती, पण खोटं कशाला सांगू, आनंदही झाला होता.

माझी आई तेव्हा महिनाभर आजारी होती. धाप लागायची, पायांवर सूज होती. पंधरा दिवसांपूर्वी मी जाऊन आले होते, तेव्हा बसून बोलत होती. पेज प्याली होती माझ्या हातची. त्यामुळे मी फार काळजीत नव्हते.

शनिवारी सकाळची शाळा करून मी एसटीने खालापूरला आले. हे अर्ध्या दिवसाची कचेरी करून घरी आले होते. जेवले नाहीत. म्हणाले, प्रयोगाच्या दिवशी जेवण जात नाही. ते खरंच होतं, म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही. तीन वाजता टेंपो आला. मागे सामान, खुर्च्या, दाराची चौकट, आणि त्यातच आम्ही बसलो. रस्ताभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, मनात वाक्यं म्हणत असतील.

प्रयोग चांगला झाला. दुसऱ्या अंकातलं ते दीड पान मी बोलले तेव्हा समोर इतकी शांतता होती की बाहेर रेल्वेच्या यार्डात इंजिन जोडल्याचा आवाज आला. माझं बोलून झाल्यावर वकिलाने क्षणभर थांबायचं असतं. हे जरा जास्तच थांबले. मागून मास्तरांनी वाक्य पुटपुटलं तेव्हा पुढे बोलले. त्यांचं वाक्य कधी चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, कडावला जाऊन येऊ. आईंना बघून बरेच दिवस झाले."

मला फार बरं वाटलं. मी न सांगता त्यांना सुचलं, असं वाटलं. चांगलं काम केल्याचं हे बक्षीस मिळालं, असंही वाटलं. कर्जतच्या स्टँडवर मी आईसाठी ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि मोसंबी घेतली. एसटीत खिडकीशी बसून मी त्यांना विचारलं, "आईला नाटकाचं सांगू का?" ते बाहेर बघत होते. म्हणाले, "बघू."

वस्तीच्या वळणावर आलो तेव्हा आमच्या दारात माणसं बसलेली दिसली. आईला अंगणात ठेवलं होतं. आदल्या दिवशी दिवेलागणीला ती गेली होती. मी येईन म्हणून सगळे रात्रभर थांबले होते.

मी तिच्याजवळ बसले. रडले किती, बोलले काय, हे मला सांगता येत नाही. थोड्या वेळाने माझा मोठा भाऊ जवळ आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"काल दुपारलाच माणूस धाडला व्हता गं," तो म्हणाला. "चुलत्याचा पोरगा कचेरीत जाऊन सांगून आला. आई तुजं नाव घेती, म्हनून. का नाय आलीस?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते पुरुषांच्या बाजूला वडिलांशेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला सगळं कळलं. दुपारचं न जेवणं, टेंपोतलं गप्प बसणं, सकाळचं "चल जाऊन येऊ". पुन्हा कुणी सांगायची गरज राहिली नाही.

वडीलही माझ्याकडे बघत होते. अंगणात पन्नास-साठ माणसं होती. ह्या माणसाचं नाव घेऊन माझे वडील गावात मान वर करून चालत होते. मला दोन क्षण मिळाले असतील विचार करायला. मी म्हटलं, "ह्यांनी सांगितलं होतं मला. मीच म्हटलं, उद्या सकाळी जाऊ."

हे बोलून मी थांबले. मला वाटलं, आता हे बोलतील. नाही, तसं नाही, तिला मी सांगितलंच नव्हतं, एवढं तरी म्हणतील. त्यांनी मान खाली घातली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घेतला, पाणी प्यायले आणि तांब्या परत दिला.

मागे बसलेल्या बायकांत एक माझी आतेबहीण होती. ती म्हणाली, "काल कर्जतला नाटक व्हतं. आमच्या ह्यांनी बघितली हिला. तोंडाला रंग लावून उभी व्हती." कुणीतरी माझ्या मानेकडे बघितलं. कानामागे, केसांच्या कडेला रंग राहिला होता. घाईत धुतला होता मी. मी पदर ओढून घेतला.

वडील काही बोलले नाहीत. वंदना झाली, आईला नेलं. ह्यांनी खांदा दिला, लाकडं रचायला हात लावला, आलेल्या माणसांचं सगळं बघितलं. जावई असावा तर असा, असं लोक म्हणाले. मी ऐकलं.

सोमवारी घरी परत आल्यावर मी एकदाच विचारलं. ते शर्ट खुंटीला लावत होते.

"सांगावा किती वाजता आला होता?"

"बारा-साडेबाराला."

"मग?"

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाले, "अठरा माणसांची दोन महिन्यांची मेहनत होती. आणि मला वाटलं, आई थांबतील."

"आणि काल अंगणात?"

ते हातपाय धुवायला गेले. मी भाकरी थापायला बसले. सांगावा लपवला याची क्षमा मी कधीतरी केली असती. अंगणातल्या त्या पाण्याच्या तांब्याची मला करता आली नाही.

स्पर्धेचा निकाल पंधरा दिवसांनी लागला. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं. पोस्टातला माणूस कप घेऊन घरी आला आणि माझ्याकडे न बघता तो ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो कप फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो पिशवीत घालून शाळेत नेला. त्यात खडूचे तुकडे ठेवायचो आम्ही.

नाटकात मी पुन्हा उभी राहिले नाही. हे राहिले, आणखी चार-पाच वर्षं. घरी मला वाक्यं वाचायला कधी सांगितलं नाही. महिन्याभराने चाचींनी विचारलं, "आता भांडणाचा आवाज येत नाय गं तुमचा. दुसरं नाटक नाय घेतलं?" मी म्हटलं, "नाही घेतलं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी जायचं तर आई नव्हती, आणि वडिलांनी बोलावलंही नाही. चाचींनी केलं माझं. मुलीमुळे घरात बोलणं वाढलं, पण ते मुलीबद्दलचं. तिचं दूध, तिचा ताप, तिची शाळा. बाकी आम्ही एकमेकांशी नीट वागत होतो. ते पगाराचं पाकीट आणून देत, मी डबा देत असे. बाहेरच्या कुणालाही ते चांगलं घर वाटलं असतं. मला कधी कधी त्या नाटकातला पहिला अंक आठवायचा, पाहुण्यांचा.

माहेरी मी सणासुदीला जात राहिले. भावाने तोडलं नाही. पण मी आले की बायका जरा सरकून जागा करायच्या, जशी परक्या बाईला करतात. वडील माझ्याशी मोजकं बोलायचे. ह्यांच्याशी मात्र भरभरून. जमिनीचे कागद, अर्ज, सातबाऱ्यावरची नावं, सगळं त्यांना विचारायचे. हेही मन लावून करायचे. एकदा पडवीत वडिलांना शेजाऱ्याला सांगताना ऐकलं, "पोरगी माजी तशी निघाली, पन जावई देवमानूस हाय." आमच्या घरात देव उरला नव्हता, पण तो शब्द उरला होता.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा त्या नाटकावर सिनेमा निघाला. मोठी माणसं होती त्यात, खूप चालला. मुंबईत वर्षभर चालून मग खोपोलीला आला. एका शुक्रवारी ह्यांनी दोन तिकिटं आणून माझ्यासमोर ठेवली. रविवारी दुपारचा खेळ. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठे करमणुकीला जाणार होतो. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण ते म्हणाले, "मला तू बरोबर हवी आहेस." असं ते कधी बोलत नसत. मुलीला चाचींकडे ठेवून मी गेले.

सिनेमात ती एक खोली नव्हतीच. बंगला होता, मोटार होती, बाग होती. वकील आणि त्याची बायको माथेरानला जाऊन गाणं म्हणतात असंही होतं. नेरळचं स्टेशन आणि ती छोटी गाडी पडद्यावर दिसली तशी पब्लिकने शिट्ट्या मारल्या. आमच्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा बायकोला सांगत होता, "तो बघ, तो आपला प्लॅटफॉर्म." मीही जरा हसले असेन.

मग दुसऱ्या अंकाची जागा आली. मला ती कळली, कारण पाहुणे गेले आणि ती दार लावून वळली. दीड पान माझ्या तोंडाशी आलं होतं, पहिल्या शब्दासकट. पडद्यावरच्या बाईने दोन वाक्यं म्हटली. मग सतार वाजायला लागली, ती खिडकीशी गेली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सीन संपला. सगळं बोलणं कापलं होतं. शेवटी वकिलाने माफी मागितली, तेव्हा तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. दिवे लागले. बायका डोळे पुसत उठत होत्या. बरं झालं, जुळलं एकदाचं दोघांचं, असं म्हणत होत्या.

मी शेजारी बघितलं. हे रडत होते. तोंडावर रुमाल धरला होता आणि खांदे हलत होते. आईच्या वेळी रडले नव्हते, त्यांची स्वतःची आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी बसून राहिले. माझ्या मनात आलं, आता हा माणूस बोलेल. सहा-सात वर्षं लागली, पण आता बोलेल. बाहेर जाऊन बोलला तरी चालेल.

बाहेर ऊन होतं. थिएटरसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी दोन ग्लास सांगितले. मी वाट बघितली. शेवटी मीच विचारलं, "रडलात कशाला?"

"दुसरा अंक पार कापला त्यांनी," ते म्हणाले. "त्यात काही ठेवलंच नाही. आणि तिला जमलंही नाही. तू केलं होतंस तसं तिला नसतं जमलं."

ते मनापासून बोलत होते. मला देण्यासारखं त्यांच्याकडे जे सगळ्यात मोठं होतं, ते त्यांनी दिलं होतं. ते मला कळत होतं, आणि त्याचं मी काय करावं ते कळत नव्हतं. रसाच्या ग्लासावर माशी बसली होती, ती मी हाकलली. मग म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही मला सांगायला हवं होतं."

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "सांगितलं असतं तर तू उभी राहिली असतीस का?"

"नाही."

"मग," ते म्हणाले.

जणू मीच त्यांची बाजू मांडून दिली होती. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. हिशेब कसा साधा आहे हे लहान मुलाला दाखवावं तसं म्हणाले. मी पुढे अंगणाचं विचारणार होते. वडिलांपुढे का गप्प बसलात, एवढंच. पण मला दिसलं की तेही उत्तर असंच सरळ येईल. तूच तर म्हणालीस, असं म्हणतील, आणि ते खोटं नसेल. मी रस संपवला. खालापूरची गाडी लागली होती.

त्यानंतर माझ्या मनाने एक घेतलं, की निदान वडिलांना खरं सांगायचं. ह्यांच्याकडून काही येणार नाही हे नक्की झालं होतं. पण वडील जाण्याआधी त्यांना कळावं की त्यांच्या मुलीने आईला थांबवून ठेवलं नव्हतं. हे ठरवायला आणि करायला मध्ये आणखी तीन वर्षं गेली. दर वेळी कुणीतरी घरात असायचं. मग वडील अंथरुणाला लागले. मी रजा काढून आठ दिवस राहायला गेले.

एका दुपारी भाऊ-भावजय शेतावर होते. मी वडिलांना पेज भरवली, तोंड पुसलं, उशी नीट केली. डोकं त्यांचं चांगलं शाबूत होतं. मी म्हटलं, "बाबा, आई गेली त्या दिवशी मला सांगावा मिळालाच नव्हता. ह्यांनी सांगितलं नाही मला. प्रयोग होता म्हणून."

ते म्हणाले, "तूच सांगितलास ना तवा. सगल्यांदेखत."

"खोटं सांगितलं मी. त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून."

"आन आता?"

"आता तुम्हाला कळावं म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला नाही सांगणार."

वडिलांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळाने तसंच डोळे मिटून म्हणाले, "नको फिरवू गं आता पोरी. झालं ते झालं. मी तुला कवाच काय बोललो नाय. पन त्या मानसाच्या माथी नको मारू. त्यानं तुज्या आईला खांदा दिलाय."

मी त्यांचा हात धरला होता. तो त्यांनी सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. मी म्हटलं, "बरं." तेवढंच बोलले. भावजय शेतावरून आली तेव्हा मी भांडी घासत होते.

महिन्याभरात वडील गेले. ह्या वेळी मी तिथेच होते. हे खालापूरहून धावत आले, सगळं केलं, आणि भाऊ त्यांच्या गळ्यात पडून रडला. परतीच्या वाटेवर एसटीत त्यांनी मला विचारलं, "शेवटी काही बोलले का बाबा?"

"तुमचं नाव घेतलं," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून आले. फार चांगला माणूस होता, असं म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मी खोटं बोलले नव्हते.

पुढे त्यांची बदली अलिबागला झाली. शनिवारी येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. ती वर्षं मला सोपी गेली. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिचे वडील तिच्यावर जीव टाकतात आणि तीही त्यांच्यावर. तिला सांगून तिच्या वाट्याला काय येणार होतं? आता आम्ही दोघं निवृत्त झालो आहोत, घर तेच आहे. चाची गेल्या. त्यांच्या जागी राहायला आलेली माणसं नोकरीला बाहेर असतात, दिवसभर भिंतीपलीकडे कुणी नसतं. सकाळी मी चहा ठेवते, ते वर्तमानपत्र वाचतात. एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवतात. अजूनही वाचतात चांगलं, कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं. मी ऐकते आणि हं म्हणते. मग ते पान उलटतात.